घटनेनंतर आठवणारे भाकीत

भूकंप, त्सुनामी किंवा चक्रीवादळ येण्याआधी पशुपक्ष्यांना त्याची चाहूल लागते, माणसाकडेही एके काळी असलेली ही जाणीव त्याने यंत्रांच्या आहारी जाऊन गमावली आणि म्हणूनच संकटात माणसे मरतात व प्राणी वाचतात, हे विधान वृत्तपत्रांच्या पुरवण्यांपासून शालेय वक्तृत्व स्पर्धांपर्यंत इतक्या वेळा उच्चारले गेले आहे की त्याचा पुरावा मागणे हेच आता उद्धटपणाचे समजले जाते. प्राण्यांच्या ज्ञानेंद्रियांची क्षमता, येऊ घातलेल्या आपत्तीचे पूर्वज्ञान आणि माणसाच्या मृत्यूचे कारण अशा परस्परांहून अगदी वेगळ्या गोष्टी या एका विधानात एकत्र बांधलेल्या आहेत. त्यांतील पहिली खरी आहे, दुसरीला आधार नाही आणि तिसरी उघड चुकीची असून घातकही आहे. परंतु पहिलीच्या खरेपणावर उरलेल्या दोन्ही आजवर बिनतक्रार खपत आल्या आहेत.

या दाव्याचा सर्वांत मोठा आधार म्हणजे 26 डिसेंबर 2004 ची हिंदी महासागरातील त्सुनामी. सुमात्राच्या किनाऱ्यालगत 9.1 तीव्रतेचा भूकंप झाला, त्यातून उठलेल्या लाटा दोन तासांच्या आसपास श्रीलंकेच्या किनाऱ्यावर पोहोचल्या आणि हिंदी महासागराभोवतालच्या देशांत मिळून सुमारे 2 लाख 30 हजार माणसे मृत्युमुखी पडली. श्रीलंकेच्या आग्नेय किनाऱ्यावरील याला राष्ट्रीय उद्यानात माणसे मेली, पण हत्ती, बिबटे, हरणे यांचे मृतदेह जवळजवळ दिसले नाहीत, अशी बातमी त्यानंतर काही दिवसांतच जगभर पसरली आणि प्राणी आधीच उंच जागी निघून गेले होते असा निष्कर्ष त्या बातमीतच गृहीत धरला गेला. मृतदेह न दिसणे हे निरीक्षण आहे; प्राणी लाट येण्याआधी निघून गेले हे अनुमान आहे, आणि या दोहोंमधील अंतर कोणी पाहिलेच नाही. त्या किनाऱ्यावर वाळूच्या उंच टेकड्या आहेत. पाणी मुख्यतः त्यांच्यामधील खिंडारांतून आत शिरले आणि विस्तीर्ण उद्यानाचा लहानसा भागच बुडाला. माणसे मात्र नेमकी समुद्राला लागून असलेल्या निवासांत व सहलीच्या जागी जमलेली होती. सकाळच्या त्या वेळी हत्तींचे कळप पुळणीवर असायला हवे होते असे मानण्यास कारण असेल, तरच त्यांची तेथील अनुपस्थिती अर्थपूर्ण ठरते.

या प्रश्नाचे उत्तर अंदाजावर सोडण्याची गरज नाही, कारण त्या काळात दक्षिण श्रीलंकेतील दोन हत्तिणींच्या गळ्यात उपग्रहाद्वारे ठावठिकाणा कळवणारे पट्टे होते. त्यांच्या हालचालींच्या नोंदी 2006 मध्ये प्रसिद्ध झाल्या आणि त्यांत लाटेपूर्वी किनाऱ्यापासून दूर, घाईने केलेल्या पलायनाचा पुरावा आढळला नाही. दोनच जनावरांच्या नोंदींवरून सर्व हत्तींविषयी अंतिम निर्णय देता येणार नाही, हे मान्यच केले पाहिजे. पण याला उद्यानाच्या कथेच्या बाजूने प्रत्यक्ष मोजलेली एकही नोंद नसताना विरुद्ध बाजूच्या दोन नोंदींकडे दुर्लक्ष करून कथा तशीच सांगत राहणे हा सत्यशोधनाचा मार्ग नव्हे.

त्याच त्सुनामीत अंदमानमधील ओंगे आणि इतर आदिवासी कसे वाचले, याची हकिगतही प्राण्यांच्या खात्यावर जमा करण्यात आली. पक्ष्यांचे आवाज ऐकून ते जंगलात गेले असे लिहिले गेले. वस्तुतः जमीन हादरल्यावर समुद्र अकस्मात ओसरला तर उंचावर जावे हे ज्ञान त्यांच्या परंपरेत होते आणि समुद्र मागे हटलेला दिसताच लिटल अंदमानवरील ओंगे उंच भागाकडे गेले. सुमात्राजवळच्या सिमेउलुए बेटावर याच ज्ञानाला ‘स्मोंग’ असे नाव आहे. 1907 मध्ये त्या बेटावर त्सुनामीने मोठी हानी केली, तिची आठवण आजी-आजोबांनी गोष्टींतून व गाण्यांतून नातवंडांपर्यंत पोहोचवली, आणि 2004 मध्ये भूकंपकेंद्राच्या अगदी जवळ असूनही तेथील सुमारे 78 हजार लोकांपैकी फक्त 7 जण दगावले. हे यश माणसांच्या स्मृतीचे, भाषेचे आणि एका पिढीने दुसऱ्या पिढीविषयी दाखवलेल्या जबाबदारीचे आहे. ते काढून पाखरांच्या किंवा एखाद्या गूढ सहाव्या इंद्रियाच्या नावावर लिहिणे म्हणजे त्या समाजांच्या बुद्धीचा अवमान करणे आहे, आणि आदिवासींना निसर्गातील प्राण्यांच्या रांगेत बसवण्याची जुनी खोड त्यातून डोकावते, हे स्पष्टपणे सांगायला हवे.

चीनमधील हाइचेंग शहराचे उदाहरण याहून अधिक वजनदार मानले जाते. 4 फेब्रुवारी 1975 रोजी तेथे 7.3 तीव्रतेचा भूकंप झाला, त्यापूर्वी अनेक ठिकाणी लोकांना घराबाहेर काढण्यात आले होते आणि ऐन हिवाळ्यात साप बिळांतून बाहेर येऊन गोठून मेल्याच्या नोंदी होत्या. येथवरचे सर्व खरे आहे. मात्र मुख्य भूकंपाच्या आदल्या दिवसापासून त्या भागात पूर्वधक्क्यांची, म्हणजे मोठ्या भूकंपाआधी त्याच परिसरात बसणाऱ्या लहान हादऱ्यांची, मालिकाच सुरू झाली होती. ते धक्के माणसांनाही जाणवत होते आणि घराबाहेर पडण्याचा निर्णय प्रामुख्याने त्यांच्यामुळेच झाला, असे मूळ चिनी कागदपत्रांच्या अभ्यासातून पुढे स्पष्ट झाले. जमिनीखाली राहणाऱ्या सापाला वारंवार हलणारी जमीन सोडावीशी वाटली तर त्यात भविष्यज्ञान नाही. जे घडत आहे त्याचीच ती जाणीव आहे. पुढच्याच वर्षी, 28 जुलै 1976 च्या पहाटे, तांगशान शहर भूकंपाने उद्ध्वस्त झाले आणि अधिकृत आकड्यानुसार सुमारे 2 लाख 42 हजार माणसे मेली. हाइचेंगच्या अनुभवामुळे चीनमध्ये प्राण्यांच्या वर्तनाकडे लक्ष ठेवण्याची मोहीम तेव्हा जोरात होती, तरीही तांगशानच्या लोकांना त्या रात्री कोणीही घराबाहेर काढले नाही. हाइचेंगची कथा सांगणाऱ्याने तांगशानचा उल्लेख टाळला, तर त्याने अर्धाच पुरावा मांडला असे म्हटले पाहिजे.

दाव्याच्या समर्थकांचा खरा भरवसा मात्र या किंवा त्या उदाहरणावर नसून साक्षींच्या संख्येवर असतो. इतक्या देशांतील, इतक्या काळांतील, परस्परांशी संबंध नसलेली माणसे एकच गोष्ट सांगतात तेव्हा ती सगळीच खोटे बोलत असतील काय, असा प्रश्न विचारला जातो, आणि तो गांभीर्याने घेण्याजोगा आहे. ती माणसे खोटे बोलत नाहीत. प्रश्न त्यांच्या प्रामाणिकपणाचा नसून नोंद केव्हा झाली याचा आहे. इ. स. पू. 373 मध्ये ग्रीसमधील हेलिके हे नगर भूकंपाने व समुद्राच्या पाण्याने नष्ट झाले, आणि त्याच्या पाच दिवस आधी उंदीर, साप, किडे नगर सोडून गेले ही जगातील बहुधा सर्वांत जास्त उद्धृत होणारी हकिगत एलियन या लेखकाने लिहिली ती घटनेनंतर सुमारे साडेपाच शतकांनी. आजच्या हकिगतींमधील अंतर शतकांचे नसते, काही दिवसांचे असते, पण दिशा तीच असते: आधी आपत्ती, मग आठवण.

महाराष्ट्राला हे किल्लारीच्या उदाहरणावरून समजू शकते. 30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांच्या सीमेवर 6.2 तीव्रतेचा भूकंप झाला आणि दहा हजारांच्या आसपास माणसे गेली. आदला दिवस अनंत चतुर्दशीचा होता. गावोगावी विसर्जनाच्या मिरवणुका उशिरापर्यंत चालल्या होत्या, ढोल-ताशे वाजत होते, माणसांची ये-जा सुरू होती. अशा रात्री कुत्री भुंकली नसती तरच आश्चर्य वाटले असते. सकाळी सर्वस्व गमावलेल्या माणसाला रात्रीचे भुंकणे आठवले आणि त्याला त्यात इशारा दिसला, तर ते मानवी मनाला साजेसेच आहे. शोकाला अर्थ हवा असतो आणि मन मागे वळून खुणा शोधते. परंतु त्याच कुत्र्यांचे त्याआधीच्या शेकडो रात्रींतील भुंकणे कोणालाही आठवत नाही, कारण त्या रात्रींनंतर काही घडले नव्हते. ज्या खुणेनंतर घटना घडली ती लक्षात राहते आणि ज्या असंख्य खुणांनंतर काहीच घडले नाही त्या पुसल्या जातात. साक्षी जितक्या वाढतील तितकी ही चूक दुरुस्त होत नाही, ती फक्त साचत जाते. त्या पहाटे हजारो गुरेही गोठ्यांत दगावली. ती दावणीला बांधलेली होती, त्यामुळे पळू शकली नाहीत, हे उत्तर योग्य आहे; मात्र ते स्वीकारल्यास जे प्राणी वाचले ते मोकळे होते आणि त्यांच्यावर कोसळायला छप्पर नव्हते, हेही तितक्याच सहजपणे स्वीकारावे लागते.

ही चूक टाळण्याचा उपाय एकच आहे: घटना कोणत्या ते नंतर ठरवायचे नाही, दोन्ही बाजूंच्या सर्व नोंदी मोजायच्या. असे जेथे जेथे झाले तेथे दावा टिकलेला नाही. पाळीव प्राणी भूकंपाआधी घरातून पळून जातात म्हणून हरवलेल्या कुत्र्या-मांजरांच्या जाहिराती वाढतात, असे कॅलिफोर्नियात मानले जात होते. 1988 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत सॅन होजे येथील वृत्तपत्रातील तीन वर्षांच्या जाहिराती भूकंपांच्या यादीशी ताडून पाहण्यात आल्या आणि दोहोंत काहीही संबंध आढळला नाही. जपानमध्ये खोल समुद्रातील लांबलचक मासे किनाऱ्याजवळ दिसणे हे भूकंपाचे लक्षण मानतात. तेथील संशोधकांनी 1928 ते 2011 या काळातील अशा 336 नोंदी आणि 221 मोठे भूकंप समोरासमोर ठेवले, तेव्हा जुळणारी जोडी फक्त एक निघाली. जर्मनीतील पॉट्सडाम येथील भूशास्त्र संशोधन केंद्राच्या अभ्यासकांनी 2018 मध्ये जगभरातील 180 प्रकाशनांमधून 160 भूकंपांशी जोडलेल्या 729 हकिगती तपासल्या. त्यांपैकी बहुतेक सुट्या आठवणी होत्या, सलग मोजमापाच्या मालिका जेमतेम चौदा होत्या आणि त्यांतील सर्वांत लांब मालिकाही एका वर्षाचीच होती. एका वर्षाच्या निरीक्षणातून प्राण्याचे ‘नेहमीचे’ वागणे कोणते हेच ठरत नाही, तर ‘विचित्र’ वागणे कसे ठरवणार?

इटलीत झालेल्या अलीकडच्या दोन अभ्यासांचा हवाला या ठिकाणी हमखास दिला जातो आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. 6 एप्रिल 2009 च्या लाक्विला भूकंपाच्या पाच दिवस आधी केंद्रापासून 74 किलोमीटरवरील एका तळ्यातून, ऐन विणीच्या हंगामात, 96 टक्के नर भेक निघून गेले, असे भेकांच्या विणीचाच अभ्यास करणाऱ्या संशोधकांना दिसले. ही नोंद आधीपासून चालू होती, त्यामुळे ती सामान्य हकिगतींपेक्षा निश्चितच मोलाची आहे. पण ती एका तळ्याची, एका हंगामाची आणि एका भूकंपाची आहे, आणि भेकांच्या हालचाली थंडी, पाऊस व चंद्रकला यांच्यावरही अवलंबून असतात. दुसऱ्या अभ्यासात मध्य इटलीतील एका शेतावरच्या गायी, मेंढ्या व कुत्र्यांच्या गळ्यात हालचाल मोजणारी उपकरणे बांधली गेली आणि काही धक्क्यांच्या 1 ते 20 तास आधी त्यांची हालचाल वाढल्याचे 2020 मध्ये जाहीर झाले. उपकरणे बांधली गेली ती 2016 च्या शरद ऋतूत, त्या प्रदेशात भूकंपांची मालिका चालू असताना. हजारो लहान धक्के बसत असताना ‘आधीची’ अस्वस्थता पुढच्या धक्क्याची की मागच्या धक्क्याची हे वेगळे कसे करायचे, हा आक्षेप भूकंपशास्त्रज्ञांनी लगेच घेतला आणि त्याचे समाधानकारक उत्तर अजून मिळालेले नाही. अवघ्या तेरा जनावरांच्या नोंदीवर पूर्वसूचनेची यंत्रणा उभी करता येत नाही.

प्राण्यांना काहीच कळत नाही, असे यावरून कोणी समजू नये. भूकंपाच्या केंद्रातून दोन प्रकारचे मुख्य तरंग जमिनीतून निघतात. प्राथमिक तरंग सेकंदाला साधारण 6 किलोमीटर वेगाने धावतात व सौम्य असतात, तर दुय्यम तरंग सुमारे साडेतीन किलोमीटर वेगाने येतात आणि जमीन आडवी हलवून घरे पाडतात. केंद्रापासून 100 किलोमीटरवर या दोहोंच्या आगमनात बारा सेकंदांचे अंतर पडते, आणि माणसाला न जाणवलेला पहिला तरंग कुत्र्याला किंवा कोंबडीला जाणवला तर ती धक्क्याच्या काही सेकंद आधी दचकते. ‘भूकंपाआधी’ प्राणी बिथरल्याच्या अनेक प्रामाणिक साक्षींचे स्पष्टीकरण एवढ्यात मिळते. मात्र त्या क्षणी भूकंप होऊन गेलेला असतो. फक्त त्याची बातमी वाटेत असते. जपानने 2007 पासून देशभर आणि उत्तराखंडने 2021 मध्ये आयआयटी रुडकीच्या साहाय्याने ज्या इशारा यंत्रणा सुरू केल्या त्या याच अंतराचा उपयोग करतात, आणि कोणत्याही जनावरापेक्षा अधिक खात्रीने करतात.

वादळांच्या बाबतीत स्थिती वेगळी आहे, आणि हा फरक दाव्याचे समर्थक कधीच करत नाहीत. वादळाआधी हवेचा दाब खरोखरच घसरतो, आणि माणसाच्या कानाला ऐकू न येणारे, सेकंदाला 20 पेक्षा कमी कंपनांचे अवश्राव्य ध्वनी वादळातून शेकडो किलोमीटर दूर जातात. 2001 मध्ये ‘गॅब्रिएल’ वादळ फ्लोरिडाजवळ येत असताना दाब कमी होताच तेथील एका उपसागरातील, ध्वनिसंदेशक बसवलेले लहान शार्क मासे खोल पाण्याकडे निघून गेले. अमेरिकेतील टेनेसीच्या डोंगरांत 2014 मध्ये चिमुकले सोनपंखी वटवटे झंझावाताच्या एक-दोन दिवस आधी विणीची जागा सोडून शेकडो किलोमीटर दूर गेले आणि नंतर परतले. हे पक्षी मोजके होते, तरी निष्कर्ष विश्वसनीय वाटतो, कारण येथे जाणवण्याजोगे भौतिक कारण आहे आणि अशी क्षमता उत्क्रांत होण्याला वावही आहे: वादळे दरवर्षी येतात आणि पक्ष्यांना मारतात. मोठा भूकंप मात्र एकाच जागी शतकानुशतके, किल्लारीसारख्या खंडांतर्गत प्रदेशात तर हजारो वर्षे, परत येत नाही. शिवाय उघड्या माळावरच्या हरणाला तो क्वचितच मारतो. भूकंपात माणसाला मारते ते डोक्यावरचे छप्पर, मराठवाड्यात मातीच्या जड माळवदाचे व दगडी भिंतींचे घर. ज्या संकटाने मोकळे प्राणी क्वचितच मरतात, त्याची आगाऊ जाणीव त्यांच्यात निवडली जाण्याचे कारण काय, याचे उत्तर समर्थकांनी द्यायला हवे.

वादळाची जाणीव खरी असली तरी तिच्यावरून माणसाने आपला जीव वाचवावा असे तिचे स्वरूप नाही. जपानजवळ चक्रीवादळ आले की काही सागरी पक्षी दूर न जाता वादळाच्या केंद्राकडे उडतात, असे त्यांच्या अंगावरील उपकरणांनी दाखवले आहे, कारण त्यांच्यासाठी किनाऱ्यावर आपटण्यापेक्षा तेच सुरक्षित असते. कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात व वादळांनंतर खोल समुद्रातील थकलेले, जखमी पक्षी येऊन पडतात, ते तर संकटात सापडलेलेच असतात. प्रत्येक जात स्वतःच्या गरजेनुसार वागते; तिच्या वागण्यात गावकऱ्यांसाठी निरोप नसतो.

प्राण्यांकडे पाहण्यात तोटा काय, असा शेवटचा बचाव उरतो. त्याचे उत्तर ओडिशाच्या किनाऱ्यावर लिहिलेले आहे. 29 ऑक्टोबर 1999 च्या महाचक्रीवादळात तेथे सुमारे दहा हजार माणसे आणि लाखो गुरे मेली. ऑक्टोबर 2013 मध्ये ‘फायलिन’ हे अतितीव्र वादळ त्याच राज्यावर आले, तेव्हा दहा लाखांच्या आसपास लोकांना आधीच हलवण्यात आले आणि मृतांची संख्या पन्नासच्या आत राहिली. मे 2019 मध्ये ‘फनी’ वादळाच्या वेळी बारा लाखांना हलवले गेले आणि 64 जण दगावले. या वर्षांत ओडिशातील गुरे, कुत्री, कावळे बदलले नव्हते. बदलले ते हवामान खात्याचे अंदाज, किनाऱ्यावरील रडार, गावोगावचे चक्रीवादळ निवारे, 1999 च्या वादळानंतर उभे राहिलेले राज्याचे आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण आणि निरोप घेऊन घरोघरी जाणारे स्वयंसेवक. 2004 मध्ये श्रीलंका व तमिळनाडूतील माणसे सहावे इंद्रिय गमावल्यामुळे मेली नाहीत. भूकंप नोंदला गेला होता, लाटेला दोन तास लागणार होते, आणि किनाऱ्याला सांगणारी यंत्रणा हिंदी महासागरात नव्हती. ती 2007 मध्ये हैदराबाद येथे सुरू झाली. मृत्यूचे खापर निसर्गापासून तुटलेल्या माणसाच्या माथी फोडले, की न बांधलेल्या यंत्रणेविषयी, माळवदाच्या घरांविषयी आणि न खर्चलेल्या निधीविषयी कोणीच जाब विचारत नाही. तोटा आहे तो हा.

ज्यांना प्राण्यांच्या पूर्वज्ञानाविषयी अजूनही खात्री वाटते त्यांच्यासाठी एक काम खुले आहे, आणि ते खेड्यातील कोणताही शिक्षक किंवा शेतकरी करू शकतो: गोठ्यातील व अंगणातील जनावरांचे वागणे रोज, तारीख-वेळेसह, त्याच दिवशी वहीत लिहावे, विचित्र वाटलेल्या प्रत्येक वागण्यानंतर काय घडेल व केव्हा घडेल ते आधीच नोंदवावे, आणि काहीही न घडलेल्या रात्री वगळू नयेत.